वळून न पाहणारी बाई

१

रविवारी सकाळी चुरींच्या आरडाओरड्याने सगळी बिल्डिंग जागी झाली, आमची पिंकी सोडून.

सहा महिन्यांचं हे पोर एरवी कुकरच्या शिट्टीने दचकतं, शेजारच्यांच्या कडीच्या आवाजाने रडतं, आणि रात्री तर कारण नसतानाच रडतं. जन्मल्यापासून तिने मला सलग झोप म्हणून लागू दिलेली नव्हती. पण त्या सकाळी खाली हरेश्वर चुरी "फोडली! माझ्या गाडीची काच फोडली!" असे बोंबलत होते आणि ही पाळण्यात दोन्ही मुठी कानाशी धरून गाढ. मी आधी तिच्या नाकाशी बोट धरून श्वास चालू आहे ना ते बघितलं. मग गॅलरीत गेले.

खाली, बिल्डिंगच्या मागच्या तिठ्यावर, चुरींची पांढरी झेन उभी होती. गाडी जुनी विकत घेतलेली, पण चुरी तिला 'नवी गाडी' म्हणत. एरवी ती गेटच्या आत असायची. शनिवारी पाण्याचा टँकर गेटातच बंद पडला, म्हणून चुरींनी ती तिठ्यावर, कंपाउंडच्या भिंतीला टेकून लावली होती. तिच्या रस्त्याकडच्या बाजूच्या पुढच्या दाराची काच गेली होती. सीटवर काचेचा नुसता साबुदाणा सांडलेला. रस्त्यावर मात्र जेमतेम चार दाणे.

"टेप आहे का?" तळमजल्यावरच्या जयवंतकाकांनी विचारलं.

"आहे."

"गॉगल?"

"आहे हो. सगळं आहे. चोराने कशाला हात लावलेला नाही."

"मग दगड कुठाय?"

चुरींनी वाकून सीटखाली बघितलं, गाडीखाली बघितलं. दगड नव्हता. विटेचा तुकडासुद्धा नव्हता.

"नेला असेल बरोबर," चुरी म्हणाले. ते सोसायटीचे चेअरमन, त्यामुळे त्यांना फार वेळ निरुत्तर राहता येत नसे. "आणि कुणी नेला तेही सांगतो. हे बघा, दाराला काय लागलंय. मासळीचं रक्त!"

दाराच्या हँडलखाली तांबडा ओरखडा होता. वरूनही दिसत होता.

नेमक्या त्याच वेळी आमची मासळीवाली आग्नेस डोक्यावर टोपली घेऊन वळणावर आली. सगळे तिच्याकडे वळले. चुरींनी बोट रोखलं. तिने टोपली उतरवली नाही. तिने गाडीकडे बघितलं, मग सरळ मान वर करून आमच्या गॅलरीकडे बघितलं. माझ्याकडे, आणि माझ्या मागे येऊन उभ्या राहिलेल्या माझ्या सासूबाईंकडे.

मग तिने मान खाली घातली.

"मी नाय फोडली," ती म्हणाली. त्यापुढे एक शब्द नाही.

तोंडाने बाजार उठवणारी आग्नेस एवढ्यावर गप्प का बसली? आणि आमच्या गॅलरीत तिने काय बघितलं?

२

आग्नेस पाचूबंदरची. बुधवार, शुक्रवार, रविवार ती आमच्या बिल्डिंगच्या कोपऱ्यावर बसायची. पाट तिचा जिन्याखाली ठेवलेला असे. मासळीचे वाटे लावायची, एकेक वाटा हातात तोलून दाखवायची आणि कुणी घासाघीस केली तर म्हणायची, "घरी जाऊन डाल खा, डाल. डॉक्टर पन डालच सांगतो." पिंकी झाली तेव्हा तिसऱ्या आठवड्यात दार वाजवून पिशवीतून मोरी मासा घेऊन आली होती. "हे खा गो बाय, दूध येतं. हिरव्या मसाल्यात कर, तिखट नको." पैसे विचारले तर पिशवी तिथेच टाकून जिना उतरून गेली.

तिच्याविरुद्धचा पुरावा मात्र बिल्डिंगला पुरेसा वाटत होता. शुक्रवारीच तिचं आणि चुरींचं वाजलं होतं. मासळीचं पाणी गाडीच्या चाकाखाली वाहत गेलं म्हणून चुरी तावातावाने खाली आले, रुमालाने काच पुसायला लागले. आग्नेस म्हणाली होती, "किती पुसशील? काचच ती. येक दिवस फुटल." हे अख्ख्या जिन्याने ऐकलं होतं.

दुसरं, वॉचमनची साक्ष. "शनिवार शाम को आयी थी वो. खाली हाथ आयी, और जाते टाइम पल्लू के नीचे कुछ था. गोल-गोल."

"दगड!" चुरी म्हणाले. "किंवा मासे तोलायचं वजन."

आणि तिसरं म्हणजे, शनिवारी ती आलीच का? शनिवारी आमच्या लायनीत कुणी मासळी घेत नाही. तिला विचारलं तर ती म्हणाली, पाटाचा खिळा निघाला होता तो ठोकायला. खिळा खरंच नवा होता. पण पदराखाली काय होतं, हे विचारलं की ती ओठ मिटून घ्यायची.

चुरींनी फुटलेल्या काचेच्या जागी प्लास्टिक लावलं, वरून चिकटपट्ट्या मारल्या आणि तांबड्या डागावरही पट्टी ओढली. "पुरावा आहे," म्हणाले. "बुधवारी काच बसवणारा येतोय, त्याच संध्याकाळी मीटिंग. तोवर ती इथे बसणार नाही. आणि मीटिंगनंतर कधीच बसणार नाही."

या कोपऱ्यावर आग्नेसची आई बसायची, तेव्हा इथे बिल्डिंग नव्हती, चिंचेचं झाड होतं. झाड गेलं, बाई राहिली. तिची गिऱ्हाइकं याच जागेवर तिला शोधत येतात. दुसऱ्या कोपऱ्यांवर दुसऱ्या बायका आहेत, त्या सरकून जागा देत नसतात.

मी घरात आले तर सासूबाई ओट्याशी उभ्या होत्या, पाठमोऱ्या. शनिवारपासून त्या माझ्याशी धड बोलत नव्हत्या. शनिवारी तिन्हीसांजेला बाहेरून आल्या, दारातच पाय धुतले, मी "कुठे गेला होतात आई?" विचारलं तर उत्तर न देता थेट पाळण्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, माझ्याकडून दूध उतू गेलं होतं त्याचा राग. मी अंथरुणात पडून माझ्या चुका आठवत होते आणि आठवता आठवता झोपले. त्या रात्री पिंकी उठलीच नाही.

"आई, आग्नेसने फोडली असेल का हो?"

सासूबाईंच्या हातातलं भांडं खणकन खाली पडलं.

३

संकेत, माझा नवरा, म्हणाला, "तू यात पडू नकोस. झोप मिळतेय तर झोप."

बरोबर होतं त्याचं. पण तान्ह्या मुलाची आई दिवसभर पोर खांद्यावर घेऊन गॅलरीतून जिन्यात आणि जिन्यातून खाली अशा येरझारा घालतेच. त्या येरझारांत दोन प्रश्न विचारले तर कुणाचं काय गेलं? सोमवारी दुपारी मी पिंकीला घेऊन जयवंतकाकांच्या दारात उभी राहिले.

जयवंतकाकांवरही माझा थोडा संशय होता. गाडी आत असते तेव्हा रोज सकाळी तिचा धूर त्यांच्या स्वयंपाकघरात जातो. एकदा त्यांनी चुरींना पोह्यांची बशी दाखवून "हे घ्या, तुमच्या सायलेन्सरची फोडणी" असं सुनावलं होतं.

"मी? काच?" काका हसले. "अगो, मला फोडायची असती तर मी सायलेन्सर फोडला असता. काचेतून धूर येतो का?"

"मग कोण असेल?"

"काच बसवणारेच फोडत फिरतात, असं म्हणतात. धंदा आहे." मग त्यांनी आवाज खाली आणला. "पण खरं सांगू? मी आवाज ऐकला. शनिवारी तिन्हीसांजेला. लाइट गेलेली होती. फट्ट करून झालं. मी खिडकीशी आलो."

माझ्या खांद्यावर पिंकीने काकांच्या चष्म्याकडे हात नेला. मी तो धरून ठेवला.

"कुणी पळालं?"

"तेच तर. कुणी पळालं नाही. एक बाई चालत होती. पाठमोरी. पदर डोक्यावर. सावकाश, देवळातून यावी तशी. आणि संपदा, मी सांगतो, एवढा आवाज झाला, खिडकीतून मी म्हातारा डोकावलो, आणि त्या बाईने मागे वळून बघितलं नाही! केवढं निर्ढावलेपण."

"टोपली होती?"

"टोपली नव्हती."

"चालली कुठे होती? रस्त्याकडे?"

काकांनी गेटाकडे बोट केलं. "नाही. आत. बिल्डिंगकडेच. पाट घ्यायला गेली असेल ना."

"हे चुरींना सांगितलंत?"

"सांगितलं. म्हणाले, झालं, साक्षीदार मिळाला."

जिना चढताना मला धाप लागली. एक पायरी, मग दुसरी, आणि डोक्यात तीच बाई. आवाज झाला की माणूस वळतं. कुत्रंही वळतं. काच फोडणारा वळेल, आपल्याला कुणी पाहिलं का म्हणून. न फोडणारा वळेल, काय झालं म्हणून. मग न वळणारी बाई कोण?

४

बुधवारी दुपारी काच बसवणारा आला. प्लासिड नाव त्याचं, चिंचोटीच्या बाजूला कुठेतरी त्याचं गॅरेज. स्कूटरवर मागे गोणपाटात गुंडाळलेली काच बांधून, विडी ओढत आला. गाडी एव्हाना गेटाच्या आत आली होती, चुरी सुट्टी घेऊन राखण करायला उभे.

"काळजी घ्या हं. रंगाला ओरखडा नको."

"दार उघडून द्या, शेठ. बघून काच बसत नाही."

पिंकीला हे फार आवडलं. प्लासिडने काच फिरवायचं हँडल काढलं, आतलं अस्तर खटाखट निखळवलं, आणि दाराचं पोट उघडं पडलं. त्यात काचेचा चुरा भरलेला. तो हाताने उपसून पत्र्याच्या डब्यात टाकायला लागला. त्या छनछन आवाजावर पिंकी पाय झाडत हसत होती. हसली की तिचे गाल डोळ्यांवर चढतात आणि मला सगळ्या जागरणांचा विसर पडतो, अर्ध्या मिनिटापुरता.

"काच थोडी उघडी ठेवली होती काय?" प्लासिडने विचारलं.

"दोन बोटं," चुरी म्हणाले. "उन्हात आत वाफ होते ना."

"मग काय. काठ उघडा राहिला की फार मार लागत नाही. सबंध वर असती तर वाचली असती कदाचित."

मी पुढे झाले. म्हणजे काच फुटायला रागाने मारलेला दगड लागला नव्हता. बेतानं लागलेलं काहीतरी पुरलं होतं, आणि ते आदळून बाहेर पडलं होतं, आत नाही.

प्लासिडने काचेच्या खाचेतली जुनी रबरी पट्टी ओढून काढली. तिच्यात तपकिरी केसांसारखं काहीतरी अडकलं होतं. त्याने ते फुंकून टाकलं. माझ्या चपलेवर पडलं. काथ्याचे धागे. पायपुसण्याला असतात तसे. गाडीत पायपुसणं रबराचं होतं.

मग त्याने बाहेरची चिकटपट्टी ओढली आणि तांबडा डाग उघडा पडला.

"हात लावू नका, पुरावा आहे!" चुरी ओरडले. पण सहा महिन्यांच्या बाळाला पुरावा काय कळतो? पिंकीने झेप घेऊन पंजा त्या डागावर थापला, मग तोच पंजा स्वतःच्या झबल्याला पुसला.

"अगो, मासळीचं रक्त ते!" चुरी म्हणाले.

मी तिची बोटं बघितली. तांबडीलाल. शनिवारचं रक्त बुधवारी एवढं लाल कसं राहील? ते एव्हाना काळं पडायला हवं. त्याला माश्या लागायला हव्या होत्या. वासही नव्हता. तरी माझी खात्री होईना. दमलेल्या डोक्याची खात्री लवकर होत नाही.

नवी काच खाचेत सरकली. प्लासिडने हँडल फिरवलं, ती सरसर वर गेली, आणि तिच्यात मला गेटाबाहेर उभी असलेली आग्नेस दिसली.

५

गेटाच्या बाहेर, गटारावरच्या लादीवर ती टोपली पायाशी ठेवून उभी होती. आत येऊ नको सांगितलं होतं, म्हणून आत नव्हती. टोपलीवरचं केळीचं पान सुकून गेलं होतं.

"आग्नेसबाई, संध्याकाळी मीटिंग आहे. तुम्ही काहीतरी बोला."

"काय बोलू? नाय फोडली बोलले ना."

"पदराखाली काय होतं?"

तिने पिंकीकडे बघितलं. "झोपते का आता रातची?"

"झोपते. शनिवारपासून."

"हां," ती म्हणाली, आणि तिच्या तोंडावर असं समाधान आलं, जसं काही वाटा तिनेच लावला होता. "मंग झालं तर."

"काय झालं? तुम्ही कुणाला तरी पाठीशी घालताय."

"बाय, मी म्हातारी झाले. मना जागा मिलल दुसरी. नायगावला बहिनीची पोर बसते, तिच्या बाजूला बसन." हे खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. "तू घरी जा. लेकराला ऊन लागते."

"शनिवारी तुम्ही त्या बाईला पाहिलंत ना? वळली नाही ती?"

आग्नेसने टोपली उचलली. एका झटक्यात, मला हात लावू न देता.

"जी वलली नाय," ती म्हणाली, "तिला वलायचं नव्हतं. आता पुढं विचारू नको गो. ज्यासाठी झालं ते सुखरूप हाय."

६

घरी आल्यावर मी पिंकीचं झबलं काढलं. मासळीचं रक्त असो वा नसो, डाग जायला हवा, म्हणून ओट्यावरचं अर्धं लिंबू घेतलं आणि त्यावर चोळलं.

डाग पिवळा झाला.

मी थबकले. पुन्हा चोळलं. जिथे लिंबू लागलं तिथे तांबडं जाऊन हळदीसारखं पिवळंधमक. रक्त असं होत नाही. माझी आई बाजारात कुंकू घेताना लिंबाची फोड बरोबर न्यायची. हळदीचं अस्सल कुंकू असेल तर लिंबाने पिवळं पडतं. रंग घातलेलं असेल तर लालच राहतं.

म्हणजे दारावर कुंकू होतं. हळदीचं.

आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्या बायका टिकल्या लावतात. देवाला लागतं ते कुंकू नाक्यावरच्या दुकानातलं, पुडीतलं. आमच्याकडेही एक पुडी होती. मी चिमूटभर काढून लिंबू पिळलं. लालच राहिलं. मग देवघरातला सासूबाईंचा करंडा उघडला. त्यांचं कुंकू गुहागरहून येतं, त्यांची बहीण घरी करते. त्यातलं चिमूटभर बशीत घेतलं. त्यावर लिंबू पिळलं.

पिवळं.

मी करंड्याचं झाकण लावलं आणि जमिनीवर बसले. आता सगळं आपणच जागेवर येऊन बसत होतं. तांबडं कुंकू, काथ्याचे धागे, गोल-गोल वस्तू. शेंडीचा नारळ. तिठा, तिन्हीसांज, शनिवार. कुणाशी न बोलता घरी येणं, दारात पाय धुणं. आणि ती न वळणारी बाई. दृष्ट उतरवलेला नारळ खांद्यावरून मागे टाकतात, आणि उतारा टाकणारा मागे बघत नाही. मागून आवाज आला, कुणी हाक मारली, तरी बघायचं नसतं. बघितलं की उतरवलेलं परत पाठीशी लागतं.

"बशी कशाला घेतलीस?"

दारात सासूबाई उभ्या होत्या. त्यांनी बशी बघितली, लिंबू बघितलं, झबलं बघितलं. मग पाळण्याच्या कडेला खाली बसल्या. इतक्या दिवसांचं न बोलणं त्यांच्या तोंडावरून ओघळून गेलं.

"बोलायचं नसतं गो त्याबद्दल," त्या म्हणाल्या. "बोललं की गुण जातो."

"आई, आवाज ऐकलात ना तुम्ही?"

"ऐकला. मला वाटलं, दृष्टच फुटली. केवढी लागली असेल, म्हटलं, एवढ्या आवाजाने फुटली. घरी आले तर पोर झोपलेली. सकाळी कळलं चुरीची काच." त्यांनी पदराने नाक पुसलं. "मग मी देवाला म्हटलं, ती काच वेगळी असू दे. माझी नसू दे."

"आणि आग्नेसबाई?"

"ती लादीवर बसली होती. तिने बघितलं. मी तिला खूण केली, बोलू नको. नारळ गाडीखाली गेला असणार. तिनेच उचलून खाडीत सोडला असेल. कुणाचा पाय पडला असता ना, आपल्या पिंकीला..." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "नुसता तिच्यावरून नाही उतरवला. तू बाजूला डोळा लागून पडली होतीस. डोळ्यांखाली काळं, हात अजून पाळण्याच्या दोरीवर. तुझ्यावरूनही उतरवला."

गेले चार दिवस मी माझ्यावरच्या रागाचं कारण शोधत होते.

खालून चुरींचा आवाज आला, "चला, मीटिंगला चला सगळे!"

७

जिन्याखाली प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. आग्नेस खुर्चीवर बसली नाही, भिंतीला टेकून उभी राहिली. संकेत नुकताच कामावरून येऊन बॅग मांडीवर घेऊन बसला होता. सासूबाई पिंकीला खांद्यावर घेऊन मागे होत्या. वरून खाली येताना त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "तू सांग काय सांगायचं ते." त्यांच्या नजरेत काय होतं ते मला वाचता आलं नव्हतं.

चुरींनी सुरुवात केली. धमकी, रक्त, पदराखालचा दगड, साक्षीदार. "आणखी काय हवं?"

"मला विचारायचंय," मी उठून म्हणाले. आवाज चिरका निघाला. "चुरीभाऊ, दगड असता तर काच फोडून तो सीटवर पडला असता. फोडणारीने दार उघडून तो काढला का? दार तर लॉक होतं."

"हात घालून काढला."

"फुटल्या काचेतून, अंधारात, अंगठ्यालाही न लागता? आणि वजनाचं म्हणाल, तर आग्नेसबाई वाट्याने विकतात. त्यांच्याकडे वजनं नाहीतच. इतकी वर्षं आपण घेतो, कुणी त्यांच्याकडे तराजू पाहिलाय?"

जिन्यावर कुजबुज झाली. चेअरमनबाई, म्हणजे चुरींच्या सौभाग्यवती, म्हणाल्या, "नाही हो, खरंच."

"डाग रक्ताचा नाही. कुंकवाचा आहे. लिंबू लावून बघा." मी झबलं पुढे धरलं. "आणि काकांनी पाहिलेली बाई रस्त्याकडे नाही, बिल्डिंगकडे चालली होती. एवढा आवाज होऊनही वळली नाही. चोर वळतो, साव वळतो. न वळणारं माणूस एकच, ज्याला वळायला बंदी आहे."

"बंदी? कसली बंदी?" चुरी म्हणाले. पण बायका एकमेकींकडे बघायला लागल्या होत्या. त्यांच्या लक्षात आलं होतं. जयवंतकाकांनी कपाळावर हात मारला, "अरे देवा. उतारा!"

"कुणाचा?" चुरी ओरडले. "कुणी टाकला?"

इथे मी थांबले. नाव मला माहीत होतं, पण ते घ्यायचं काम माझं नव्हतं, आणि घेतलं नाही तर भिंतीला टेकलेली बाई उद्यापासून त्या कोपऱ्यावर दिसणार नव्हती. मी आग्नेसकडे बघितलं. ती मला डोळ्यांनी नको म्हणत होती. चुरी म्हणाले, "नाव नसेल तर मग माझं म्हणणं—"

"मी टाकला."

सासूबाई पुढे आल्या. पिंकीला त्यांनी घट्ट धरलं होतं, जणू बोलल्याबरोबर कुणी तिला हिसकावून नेणार होतं. "माझ्या नातीवरून उतरवला. हात वाकडा गेला. तिथे गाडी नसते रोज. काच माझ्या हातून गेली, संकेत भरून देईल. या आग्नेसचा काही दोष नाही. हिने माझ्यासाठी तोंड शिवून घेतलं."

संकेत बॅग बाजूला ठेवून उठून उभा राहिला. तो आईशेजारी जाऊन थांबला.

चुरींचा चेहरा एकदम उतरला. "म्हणजे काकू... ती दृष्ट आता... माझ्या गाडीला?"

"तुमच्या गाडीला दृष्ट लागायला," जयवंतकाका म्हणाले, "आधी कुणी तिला चांगली तरी म्हणायला हवं ना."

सगळे हसले. आग्नेस हसली नाही. ती तरातरा पुढे आली आणि सासूबाईंवर तुटून पडली. "कशाला बोललीस गो म्हातारे? मी गप होते ना! लेकरू झोपत होतं, तुला बघवलं नाय?"

"तुझी जागा जात होती."

"जागा जात होती तर जाऊ दे! जागा काय रातची रडते का?" मग ती पिंकीकडे वळली. मासळीचा हात पदराला दोनदा पुसला, आणि अंगठ्याने पिंकीच्या कपाळावर एक छोटासा क्रूस काढला. "हे घे. आमच्यातलं. आता बोला कितीबी."

सासूबाईंनी तो अंगठा धरला आणि आपल्याही कपाळाला लावला. चुरी खुर्च्या एकावर एक ठेवायला लागले.

"शुक्रवारी ये," ते शेवटी म्हणाले. "पापलेट असलं तर आण. आणि पाणी जरा त्या बाजूला ओत."

"तुझी गाडी त्या बाजूला नाय लावत तोवर ओतीन," आग्नेस म्हणाली.

८

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता पिंकी उठली आणि रडायला लागली.

तसंच पूर्वीसारखं, घसा कोरडा पडेपर्यंत. सासूबाई माझ्या आधी पाळण्यापाशी पोचल्या होत्या. केस सुटलेले, हात पुढे केलेले, पण तिला घ्यायला धजत नव्हत्या.

"माझ्यामुळे," त्या म्हणाल्या. "बोलले ना मी. परत आलं."

माझे डोळे उघडत नव्हते. पायात चप्पल सापडत नव्हती. अंगात एवढासाही जोर नव्हता. मी पिंकीला उचलून खांद्यावर टाकलं, तिचं ओलं तोंड माझ्या मानेवर घासत राहिलं. दुसऱ्या हाताने सासूबाईंना पलंगावर बसवलं.

"रडू दे, आई," मी म्हणाले. "तुम्ही झोपा. मी आहे जागी."